शब्दचर्चा : फलकावर ‘पुनर्रोपण’ लिहावं का?

टेकडीवाला
उपनगरातल्या एका टेकडीवरच्या बागेत रहिवाशांची वर्गणी आणि रविवारचं श्रमदान यांतून घाणेरी, सुबाभूळ ही बाहेरून येऊन माजलेली झाडझुडपं काढून मूळचं रान परत आणायचं काम चालू आहे. प्रवेशाजवळच्या फलकाचा मसुदा असा : ‘लोकसहभागातून देशी वृक्षांचे पुनर्रोपण’. ‘पुनर्रोपण’ बरोबर आहे का? ‘देशी’, ‘स्थानिक’, ‘प्रदेशनिष्ठ’ यांतलं कुठलं घ्यावं? आणि वन, जंगल की राई?

कोयता
‘पुनर्रोपण’ आधी खोडा. मुंबईत या शब्दाला आता एकच अर्थ उरलाय : मेट्रोच्या किंवा रस्त्याच्या आड येणारं मोठं झाड मुळांच्या गड्ड्यासकट उचलून दुसरीकडे नेऊन लावणं. फलक वाचणारा विचारेल, ही झाडं कुठून उपटून आणली?

शुद्धलेखन
व्याकरणाचा एक फाटा. संस्कृत नियमाने र् पुढे र आला की पहिला लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रोग = नीरोग, निर् + रस = नीरस. त्या हिशोबाने ‘पुनारोपण’ व्हायला हवं, पण मराठीत ‘पुनर्रचना’ रुळलं तसंच ‘पुनर्रोपण’ही रुळलंय. चूक म्हणता येणार नाही. अर्थाबद्दल मात्र कोयता यांच्याशी सहमत.

‘पुनर्वनीकरण’ चालेल, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

पाचोळा
आधी काम काय आहे ते बघू, शब्द मागून येईल. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीकाठच्या कचराभूमीवर माती टाकून उभं केलं, ३७ एकरांवर, आणि ते १९९४ मध्ये खुलं झालं. ती वननिर्मिती. तुमच्या टेकडीवर घाणेरीच्या जाळीखाली ऐन, किंजळ, कुडा, पळस यांची रोपटी आणि जुन्या खुंटांचे फुटवे अजून जिवंत असणार. त्यांना उजेड आणि जागा करून देणं हे अर्धंअधिक काम. त्यात ‘रोपण’ कुठे आलं? म्हणून घाणेरीला हात लावण्याआधी ही रोपटी शोधून रंगीत फीत बांधा. नाहीतर रविवारचे उत्साही हात घाणेरीसोबत कुडाही साफ करतात.

तिथेच क्रियापदांचाही घोळ आहे. घाणेरी ‘छाटली’ तर दुप्पट जोमाने फुटते. ती मुळातून काढावी लागते : जमिनीच्या दोन-तीन इंच खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खालून मूळ कापायचं, बुडखा उपसून उलटा ठेवायचा, म्हणजे माती लागून परत धरत नाही. जुलै-ऑगस्टच्या ओल्या मातीत सोपं जातं. काळी फळं पिकायच्या आत उरका, पाखरं बी पसरवतात. आणि अख्खा उतार एकदम उघडा करू नका, पुढच्या सरीला माती खाली रस्त्यावर येईल. तुकड्या-तुकड्याने.

सुबाभूळ तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा झाड देशी की परदेशी ते बघत नाही. शिवाय नुसती तोडली तर खुंट फुटतो आणि खाली पडलेलं बी पुढे कित्येक वर्षं उगवत राहतं. दर पावसात कोवळी रोपं उपटायची तयारी हवी.

बोंडारा
‘देशी’बद्दल. कडुलिंब देशीच, पण तो कोरड्या मुलखाचा. आपल्या ओलसर उतारावरच्या रानातला तो नाही. उलट चिंच मूळची आफ्रिकेतली, पण मराठी माणूस तिला परकी म्हणायला धजणार नाही. म्हणजे ‘देशी’ला देशाची हद्द आहे, टेकडीची नाही. ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणजे त्या प्रदेशाबाहेर कुठेही न आढळणारं, त्यामुळे पळसाला ते लावणं चूकच. तुम्हाला हवाय तो ‘स्थानिक’. त्याहून नेमकं म्हणजे ‘इथल्या रानातली’.

नावांवर तर मुळीच जाऊ नका. ‘सुबाभूळ’ ऐकायला घरची, मूळ मेक्सिकोकडचं. ‘गिरिपुष्प’ अगदी श्लोकातलं वाटतं, ते मध्य अमेरिकेचं, ज्याला कोकणात उंदीरमारी म्हणतात. रोपवाटिकेत नुसता ‘अशोक’ मागितला की बहुधा सरळसोट खोटा अशोक हातात येतो, ‘सीता-अशोक’ असं पूर्ण सांगावं. कदंब, कळंब आणि हेदू ही तीन वेगळी झाडं, पण यादीत सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात. यादी मराठी आणि शास्त्रीय अशा दोन्ही नावांनी द्या.

कोयता
‘आळं’ हाही शब्द स्वयंसेवकांना समजावून सांगा. जूनमध्ये रोप लावून भोवती खोलगट आळं केलं की मुंबईच्या पावसात तिथे डबकं साचतं आणि मुळं कुजतात. पावसात सपाटीवर बुंध्याशी माती किंचित उंच हवी, उतारावर खालच्या अंगाला अर्धचंद्र बांध. आळं ऑक्टोबरनंतर, पाणी घालायचं असेल तेव्हा. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल पुरतो. पिशवी पूर्ण काढायची, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी करायची, आणि पिशवीत खोडाला जिथवर माती होती तिथवरच पुरायचं. खोल पुरलेलं रोप बुंध्याशी सडतं, आणि लोक म्हणतात, जमीनच वाईट.

पाचोळा
झाडलोट करणाऱ्यांच्या भाषेत पाचोळा म्हणजे कचरा, ढीग करून जाळायचा. इथे त्याला ‘आच्छादन’ म्हणा. तीन-चार इंच थर, बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी आणि बुरशी थेट सालीला लागते.

‘जाळरेषा’वरही गैरसमज होतो. वनखात्याचा शब्द, वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा. जंगलात तो नियंत्रित जाळूनही करतात. बागेत गवत कापून, उचलून करायचा, दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की लगेच.

शुद्धलेखन
मेलेल्या रोपांच्या जागी नवीन लावण्याला अहवालांत ‘पुनर्लागवड’ लिहितात. शेतकऱ्याकडे ‘नांगे भरणे’ तयार आहे की.

कोयता
छान आठवण. नांगे दुसऱ्या पावसात भरायचे. आणि जगलेली रोपं मे महिन्याच्या अखेरीला मोजा. ऑक्टोबरमधला आकडा सगळ्यांचाच चांगला असतो.

बोंडारा
वन, जंगल, राई? ‘राई’ आमराई-देवराईमुळे गोड वाटतो, पण मुंबईत पहिल्यांदा मोहरी आठवते. ‘घनवन’ हा शब्द मियावाकी नावाच्या दाट लागवडीच्या जपानी पद्धतीने घेतलाय, चौरस मीटरला तीन-चार रोपं, तो तुमचा प्रकार नव्हे. माझं मत ‘रान’. आणि त्याबरोबर ‘राखणे’ : राखण, राखणदार, राखीव सगळे त्यातलेच.

शुद्धलेखन
‘रान राखणे’ यात परत आणल्याचा अर्थ येत नाही.

बोंडारा
येत नाही, मान्य. पण फलक दहा वर्षं राहील. पहिली तीन वर्षं आणायची, पुढे राखायचीच.

टेकडीवाला
असा मजकूर करतो : ‘इथलं मूळचं रान परत येतंय. रहिवाशांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून राखलेलं.’ ‘लोकसहभाग’ गाळला, वर्गणी आणि श्रमदान म्हटलं की तो आलाच.

कोयता
झकास. फक्त फलक झाडाला खिळ्यांनी ठोकू नका, वेगळा खांब रोवा.