राफाएलचा ज्युलियस: विरक्त? कुठून?

खडूस_आजोबा: कालच्या धाग्यात लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, इटालियन चित्रकार राफाएलच्या चित्रातल्या पोप ज्युलियस दुसऱ्याला 'सत्तेला विटलेला संत' ठरवलंय, आणि खाली नुसती वाहवा. अहो, दाढी बघा! १५११ च्या मे महिन्यात बोलोन्या शहर पोपच्या हातचं गेलं, तेव्हा फ्रेंचांना इटलीतून हाकलेपर्यंत वस्तरा लावणार नाही असा पण केला बाबाने. मार्च १५१२ मध्ये ती उतरली. पाद्र्याने दाढी राखणं चर्चच्या नियमात बसत नसताना! खुर्चीच्या खांबांवर सोनेरी ओकफळं, म्हणजे ज्युलियसच्या डेला रोव्हेरे घराण्याचं चिन्ह. बोटांत सहा अंगठ्या.

गेरू: दाढीवरून चित्राचा काळ ठरतो, भाव नाही. डावा हात खुर्चीला घट्ट धरून, उजव्यात रुमाल सैल, नजर खाली. तुमचा लढवय्या कुठे दिसतो यात? आणि असला 'पण' म्हणजे नवसच की. नवस बोलणारा धार्मिक नसतो काय?

इचलकरंजीकर: दोघंही मागचा हिरवा पडदा विसरलात. १९७० च्या सुमारास क्ष-किरणांखाली त्याच्या आत तिरप्या किल्ल्या आणि पोपच्या मुकुटाची नक्षी सापडली. राफाएलनेच ती बुजवली. शिशाचा पांढरा रंग किरण अडवतो, म्हणून असले खालचे थर फिल्मवर उजळ उमटतात. नक्कल करणारा असा बेत बदलत नाही, तो समोर दिसतं तेच उतरवतो. तेव्हापासून लंडनची प्रत अस्सल आणि फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली मागाहूनची. शिवाय लंडनच्या चित्राच्या कोपऱ्यात ११८ हा रोमच्या बोर्गेझे घराण्याच्या जुन्या संग्रहाच्या यादीतला आकडा.

गेरू: बघा! पदाची चिन्हं पुसली, माणूस ठेवला.

खडूस_आजोबा: आणि ओकफळं? ती का नाही पुसली? किल्ल्या पदाच्या, ओक घराण्याचा. घराणं राहिलं ना!

इचलकरंजीकर: फोटोतल्या हिरव्यावरून भाव काढणाऱ्यांना तर हात जोडतो. तांब्यापासूनचा हिरवा रंग, पातळ तेलात लावला की काळाने तपकिरी पडतो. वर जुनं पिवळं वार्निश असेल तर पडदा शेवाळी दिसतो, आणि लोक 'उदास पार्श्वभूमी' म्हणून मोकळे.

गेरू: रंगाचा तास संपला असेल तर मुद्द्यावर या. सोळाव्या शतकातला चित्रकारांचा चरित्रकार वसारी सांगतो, चित्र बघून लोक जिवंत पोप समोर असल्यासारखे थरथरत. विरक्ताला कोण घाबरतं, हे तुमचं म्हणणं असेल तर तेवढं मान्य.

खडूस_आजोबा: उपकार झाले. आणि सणावाराला हे चित्र रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये लावायचे, भर देवळात, घराण्याच्या ओकफळांसकट. आता हा नवस की जाहिरात, तुम्हीच सांगा.

गेरू: दोन्ही. पण 'संत' शब्दावर तुम्ही जेवढे चिडलात तेवढा ज्युलियसही बोलोन्यावरून चिडला नसेल.