आधी घर बघा, मग नवरदेव

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) तिशीपार गेला की ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात त्या वार्षिक निवडीतून) नवा आणायचाच' असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटलं. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये निवडीच्या सत्ताविसाव्या क्रमांकावरून थेट दहाव्यावर उडी मारून महोम्स या नवख्या क्वार्टरबॅकला घेतलं, तेव्हा त्यांचा आधीचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ काही टाकाऊ नव्हता. आदल्या मोसमात संघाने १२ सामने जिंकले, ४ हरले होते! म्हणून तर पोराला वर्षभर बाकावर बसवणं परवडलं. मोसमाच्या शेवटच्या, निकालाला महत्त्व नसलेल्या डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात त्याला मैदानात सोडलं. आघाडी घेतल्यावर बाहेर काढलं, बदली खेळाडूने ती घालवली, मग परत महोम्सलाच आत पाठवलं आणि २७-२४ ने जिंकले. झाली परीक्षा.

उलट सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) मोजले आणि पुढच्याच वर्षी संघ तारला तो २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर उचललेल्या पर्डी या क्वार्टरबॅकने. आता बोला! ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी समोरची फळी) भुसभुशीत असताना बावीस वर्षांच्या पोराला पहिल्याच रविवारी पुढे ढकलणाऱ्या संघांचं मला तरी कौतुक नाही. आपल्या संघाची लाइन सध्या कशी आहे, ते सांगा आधी.