इंग्रजी क्रियापद ‘गेट’: इतक्या अर्थांतला नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

वाचनवेडी:
मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी टिपण करते आहे आणि ‘गेट’पाशी गाडी अडली आहे. (फाटक नव्हे, क्रियापद.) मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे... शब्दकोशात रकानेच्या रकाने भरलेत. यादी पाठ करता येते, पण वाक्य समोर आलं की यातला कोणता अर्थ घ्यायचा ते कळत नाही. दुसरं म्हणजे, ‘इट्स गेटिंग लेट’ बरोबर आणि ‘आय ॲम गेटिंग लेट’ चूक, असं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

अवग्रह:
अर्थांची यादी बाजूला ठेवा. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघा, बहुतेक वेळा अर्थ तिथेच ठरतो.

पुढे नाम असेल तर मिळणे, मिळवणे किंवा आणणे. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र मिळालं. आधी माणूस आणि मग वस्तू आली तर त्याच्यासाठी आणणे: ‘गेट मी अ चेअर’. पुढे विशेषण असेल तर स्थिती बदलणे: गेट टायर्ड, गेट अँग्री, गेट वेट. पुढे ठिकाण असेल तर पोहोचणे: ‘वी गॉट टू द स्टेशन’. मात्र होम, हिअर, देअर यांच्याआधी ‘टू’ येत नाही, नुसतं ‘गेट होम’. ‘रीच’ला तर स्टेशनच्या आधीही ‘टू’ नको. ‘रीच्ड टू द स्टेशन’ ही चूक इतकी रुळलीय की टिपणात ही दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारीच द्या.

खरी अडचण आपल्या ‘होणे’मुळे येते. ‘तो ओला झाला’, ‘तो श्रीमंत झाला’ यांना ‘गेट’ चालतं म्हणून ‘तो डॉक्टर झाला’ यालाही लोक ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणतात. पण ‘डॉक्टर’ हे नाम आहे, त्यामुळे अर्थ झाला ‘त्याने डॉक्टर मिळवला’ किंवा ‘बोलावून आणला’. तिथे ‘बिकेम’च हवं. विशेषणांतही सगळी ‘गेट’ला जुळत नाहीत. अन्न खराब होणं ‘गो बॅड’, बहिरं होणं ‘गो डेफ’, दृष्टी जाणं ‘गो ब्लाइंड’. रंग बदलला की ‘टर्न’ किंवा ‘गो’.

‘गेटिंग लेट’चं कारण ‘लेट’च्या दोन अर्थांत आहे. ‘इट्स गेटिंग लेट’मधला ‘इट’ म्हणजे वेळ: रात्र वाढत चालली, बराच वेळ झाला. माणूस ‘लेट’ असतो तो ठरलेल्या वेळेच्या मागे, आणि त्या अर्थाला प्रमाण इंग्रजीत ‘गेटिंग’ जोडत नाहीत. ‘मला उशीर होतोय’ याला ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टू बी लेट’. भारतीय इंग्रजीत ‘आय ॲम गेटिंग लेट’ सर्रास ऐकू येतं आणि समजतंही, पण परीक्षेत नको.

कर्मणी:
अवग्रह यांनी क्रियापदाचं तिसरं रूप सोडलं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायला हवा.

‘गेट’पुढे थेट तिसरं रूप आलं तर कर्मणी प्रयोग: ‘ही गॉट अरेस्टेड’, ‘शी गॉट प्रमोटेड’. ‘वॉज’पेक्षा हे बोलण्यातलं आहे, शिवाय त्याचा एक फायदा आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे खिडकी फुटली की फुटलेली होती, हे कळत नाही. ‘गॉट ब्रोकन’ म्हटलं की घटनाच. म्हणूनच नुसती स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना ते चालत नाही: ‘द आन्सर गॉट नोन’ चूक.

मध्ये वस्तू आली की अर्थ पालटतो: ‘आय गॉट माय हेअर कट’. मराठीत आपण बिनदिक्कत ‘मी केस कापले’ म्हणतो, कापणारा दुसराच असतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री तुमच्या हातात. ‘घड्याळ दुरुस्त केलं’, ‘घर रंगवलं’ या सगळ्यांना हाच नियम. क्रम बदलू नका: आधी वस्तू, मग तिसरं रूप. मात्र याच रचनेत न करवता घडलेलंही येतं: ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’, तिचं बोट दारात सापडलं. ते संदर्भावरूनच ओळखायचं.

मध्ये माणूस आला आणि काम त्यानेच करायचं असेल तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट हिम टू साइन’. ‘मेक’ आणि ‘हॅव’ला तो लागत नाही: ‘आय मेड हिम साइन’, ‘आय हॅड हिम साइन’. छटाही वेगळ्या आहेत. ‘गेट’मध्ये मन वळवणं किंवा खटपट, ‘मेक’मध्ये भाग पाडणं, ‘हॅव’मध्ये नुसतं काम सांगणं.

वाचनवेडी:
दोघांचेही आभार. ‘केस कापले’ हे उदाहरण तसंच घेते. आता ‘हॅव गॉट’, ‘गॉटन’ आणि ‘गॉट टू’ हे तीन राहिले. ‘गॉट टू’ कधी सक्ती, तर कधी संधी वाटते.

लोपचिन्ह:
‘आय हॅव गॉट अ कार’ दिसायला पूर्ण काळ, पण अर्थ साधा वर्तमान: माझ्याकडे गाडी आहे. भूतकाळात सरळ ‘आय हॅड अ कार’ म्हणा.

अमेरिकन इंग्रजीत ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणं आणि ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळणं किंवा होणं: ‘इट हॅज गॉटन कोल्ड’. ब्रिटिश इंग्रजी दोन्हीकडे ‘गॉट’ वापरतं. ‘गॉटन’ हे अमेरिकेने नव्याने बनवलेलं रूप नाही, जुनंच आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, तरी ‘फरगॉटन’मध्ये तिथेही शिल्लक आहे.

‘गॉट टू’साठी आधी ‘हॅव’ आहे का बघा. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे भेटायलाच हवं. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे भेटायची संधी मिळाली. घोळ होतो तो बोलताना ‘हॅव’ गळतो म्हणून. मग काळ सांगणारा शब्द शोधा: ‘टुमारो’ असेल तर सक्ती, ‘येस्टरडे’ असेल तर संधी.

अवग्रह:
लोपचिन्ह यांना पूर्ण अनुमोदन. जोडशब्दांची लांब यादी देऊ नका, गल्लत होणाऱ्या जोड्या तेवढ्या द्या. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावरणं, ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकणं. बस, रेल्वे, विमान यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी यांना ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. आत उभं राहून चालता येतं, ती वाहनं ‘ऑन’ची. सायकल, घोडा यांच्यावर बसतो, म्हणून त्यांनाही ‘ऑन’.

औपचारिक पत्रात ‘गेट’च्या जागी रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम शोभतात. पण सरसकट खोडू नका. ‘गेट मॅरिड’ किंवा ‘गेट रिड ऑफ’ यांत ‘गेट’ काढून ‘ऑब्टेन’ घातलं तर वाक्यच मोडतं.