सिनिगांग घरी करायचंय, पण तो आंबटपणा येत नाहीये. सल्ला हवा

दर्यावर्दी
मंडळी, मी मर्चंट नेव्हीत आहे. आमच्या जहाजावरचा फिलिपिनो कुक रविवारी सिनिगांग ना बाबोय करायचा, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट, पातळ सूप आणि वाफाळता भात. आता सुट्टीवर वसईला आलोय, बायकोला तेच खायला घालायचं म्हणून परवा घाट घातला. रिब्ज चांगल्या चरबीवाल्या मिळाल्या. जुन्या चिंचेचा कोळ, मुळा, वांगं, भेंडी सगळं एकदम कुकरला लावून चार शिट्ट्या काढल्या. मुळ्याचा लगदा, रस्सा तपकिरी आणि चव थेट चिंचेच्या साराची. त्या सुपाचा पहिला घोट घेतला की डोळे आपोआप मिटायचे, तसं काहीच झालं नाही. तयार मसाल्याचं पाकीट नको आहे. कुठे चुकलं?

मनिलाकर
दादा, मी मनिलात राहते. शेजारच्या लोलांकडून शिकले. आजीला इथे लोला म्हणतात.

चूक चिंचेत आहे. हिरवी, कच्चीच हवी, गाभुळलेलीसुद्धा चालत नाही. किलोभर मटणाला पाव किलो चिंचा पाण्यात उकळा, सालं तडकली की पळीने चेचा आणि गाळून घ्या. हे पाणी मटण शिजल्यावरच घालायचं.

कुकर विसरा. मटणाला उकळी आली की वर येणारा फेस काढत राहा, मग कांदा-टोमॅटो घालून मंद आचेवर तास-दीड तास. लोला साधं पाणी न घेता तांदळाचं दुसरं धुवण घेतात. त्यातच दोन-चार अळकुड्या टाकतात, एखादी फुटून विरघळली की रस्सा छान मिळून येतो. मटण मऊ झालं की मुळा, त्यामागून चवळीच्या शेंगा, वांगं, भेंडी, अख्ख्या हिरव्या मिरच्या. नाळीची भाजी अगदी शेवटी, ती पडली की गॅस बंद. मीठ हात राखून घाला, कारण पाटिस, म्हणजे मासळी खारवून केलेला सॉस, घालायचा असतो.

आगरातली
हिरव्या चिंचा हिवाळ्यातच मिळतात. एरवी आमसुलं चालतील का?

मनिलाकर
ताई, चालतील, फक्त रस्सा लालसर होईल. आणि हे काही परकं नाही बरं का! इलोइलोकडे बाटवान नावाचं फळ आंबटाला घालतात, ते कोकमाच्याच कुळातलं. त्याचा पदार्थ आहे कादयोस, बाबोय, लांग्का: तुरीचे दाणे, डुकराचं मटण आणि कच्चा फणस. पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मला गावच्या परसाची आठवण झाली.

कैरी किंवा बिलिंबीही चालते, इथे दोन्ही घालतात. पिकल्या पेरूचंही सिनिगांग होतं, पण ते सौम्य आणि गोडसर लागतं. दादांना हवं ते नाही.

दर्यावर्दी
मनापासून आभार ताई. मागच्या दारी बिलिंबी लगडलीय, रविवारी तीच घालतो. किती घेऊ?

मनिलाकर
दहा-बारा घ्या. रस्स्यातच शिजवून चेचा, मग चव बघून वाढवा. भातावर घेतल्यावर आंबटपणा उतरतो, म्हणून नुसता चाखताना थोडा जास्तच वाटला पाहिजे. आणि वाटीत पाटिसमध्ये लवंगी मिरची चेचून बाजूला ठेवा, मटणाचा तुकडा त्यात बुडवून खायचा.