'अप' नुसता पोरखेळ नाही हो

'अप' (२००९) या ॲनिमेशन सिनेमातली पहिली दहा मिनिटं सोडली तर बाकी पोरखेळ आहे असं कुणीतरी लिहिलंय, निम्मं पटतंय. कार्ल-एली या नवरा-बायकोचा अख्खा संसार, एली जाऊन कार्ल घरात एकटा उरेपर्यंत, एक शब्द न बोलता दाखवलाय, फिरायला जायला बरणीत पैसे साठवायचे आणि दरवेळी टायर नाहीतर छप्पर मधे येऊन ती बरणी फोडायची. आमचे अण्णा साताऱ्यातल्या जुन्या घरात एकटेच असतात, ते बघता बघता पाणी प्यायला म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. घर बिल्डरला द्यायचा विषय मी परत काढला नाही त्यानंतर.

पण तो खलनायक मंट्झ! कार्लच्या लहानपणीचा हिरो म्हणजे वय नव्वदीच्या पुढंच असणार की, तरी तलवार फिरवतोय, त्याची कुत्री विमानं उडवतायत, एवढं नाजूक मांडून मग हे कशाला? (डग या बोलक्या कुत्र्याला मात्र सगळं माफ.) कार्ल जिथं जायला निघतो तो धबधबा व्हेनेझुएलाच्या एंजल फॉल्सवरनं घेतलाय, आमची पोरगी म्हणते हे तर ठोसेघर. आणि फुगे बांधून उडवलेलं घर हलकं व्हावं म्हणून कार्ल सामान फेकतो तेव्हा त्याची नि एलीची अशा दोन खुर्च्या शेजारी शेजारीच राहतात बघा, ते पहिल्या दहा मिनिटांत नाहीये.