घराचं काम झालं, जुन्या सामानाचं काय केलंत?

घराचं काम काढलं की नव्या टाइल्सवर आणि रंगांवर महिनोन्महिने खल होतो. निघालेलं कमोड, बेसिन, ओट्याचा दगड, दारं, कपाटं मात्र जिन्याखाली जाऊन बसतात आणि शेजारी घसा खाकरायला लागतात. तुम्ही या सामानाची वाट कशी लावलीत? काय होतं, कुणी नेलं, कुठे अडलं, हे जरा तपशिलात लिहा. 'भंगारात द्या' एवढंच नको, ते सगळ्यांनाच सुचतं.

—

आम्ही काम सुरू व्हायच्या आधीच कंत्राटदाराच्या कागदावर एक ओळ घालून घेतली होती : निघालेला माल कुणाचा. हे बहुतेक ठिकाणी बोललंच जात नाही. मग लाकडी दारं आणि तांब्याची वायर परस्पर जातात आणि राडारोडा तेवढा आपल्या वाट्याला येतो. दारं-खिडक्या पहार लागायच्या आत सुताराकडून काढून घेतल्या. बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या. त्याने एकेक खाच खिळ्याने कोरून साफ केली, स्क्रूड्रायव्हर बसवला, वरून हातोडीचा एक ठोका दिला आणि मगच फिरवला. एकही पल्ला चिरला नाही. दार चौकटीसकट असेल तर घेणारा मिळतो. नुसता पल्ला दोन बोटं कमी भरला की कुणालाच नको.

—

नळांबद्दल लिहिते. चकचकीत दिसतो तो प्रत्येक नळ पितळी नसतो. मागच्या आट्यांपाशी कानस घासून पाहा. आत पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्ताची मिश्रधातू. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आमच्याकडे भंगारवाल्याने सगळे नळ एकाच पोत्यात टाकायला घेतले होते. मी कानस काढल्यावर तो हसला आणि दोन ढीग केले.

—

शॉवरच्या काचेच्या दाराचं टेबल करायची माझी फार इच्छा होती. काचवाल्याने कोपऱ्यातला छोटा शिक्का दाखवला आणि हात वर केले : ही टफन्ड काच. भट्टीत तापवून झपकन गार केलेली असते, त्यामुळे नंतर कापायला गेलं की आख्खीचे बारीक खडे होतात. आहे त्याच मापात कुणाला चालली तरच ती चालते. आणि उचलताना माणसं जास्त बोलवा. १० मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते.

—

काचेचं काय घेऊन बसलात, ग्रॅनाइट उचलून पाहा! २० मिलिमीटरच्या फरशीला चौरस मीटरमागे पन्नासेक किलो. आमचा ओटा सिंकच्या भोकापाशीच मोडला, तिथे दगडाची पट्टी अरुंद असते ना. मोठा तुकडा बागेतला बाक झाला, लहान तुकडे खिडकीच्या खाली बसवले. फरशी आडवी धरून न्यायची नाही, काठावर उभी धरायची, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

—

स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्रॉल्यांचा मोह सोडा. पार्टिकल बोर्ड एकदा खोलला की त्याच भोकात स्क्रू परत घट्ट बसत नाही, आणि सिंकखालचा भाग तर पाणी पिऊन टम्म फुगलेला. आम्ही स्टीलचे चॅनेल, जाळ्या आणि हँडल काढून घेतले, बोर्ड टाकून दिला. तो शेकोटीत जाळू मात्र नका, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट असतो.

—

'फुकट' लिहिलं की शंभर जण हो म्हणतात आणि ठरल्या वेळी चिटपाखरू फिरकत नाही. नाममात्र किंमत लावली तेव्हा कुठे गंभीर माणसं आली. फोटोत मोजपट्टी ठेवली, कपाट कितव्या मजल्यावर आहे, लिफ्टमध्ये मावतं का, कोण खोलणार, सगळं आधीच लिहिलं. ढेकूण-वाळवी नाही, हेही. निम्मे प्रश्न तिथेच संपले.

—

मला उलट वाटतं. मी बेसिन-कमोड फुकट देतो असं बांधकामावरच्या गवंड्यालाच सांगितलं, तो संध्याकाळी टेम्पो घेऊन हजर. कमोडची टाकी, आतला फ्लोट, सीटचे बोल्ट सगळं एका पिशवीत बांधून दिलं होतं. सुटे भाग हरवलेलं कमोड म्हणजे निव्वळ चिनी मातीचा ढिगारा, तो भरावातच जायचा.

—

एसी काढताना तांब्याच्या नळ्या सरळ कापू देऊ नका. सगळा गॅस हवेत जातो. जाणकार माणूस आधी एसी चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, व्हॉल्व्ह बंद करतो आणि मग नळ्या सोडवतो. फ्रिजच्या मागच्या पाटीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, ग्राइंडर लांब ठेवा. मी दोन्ही वस्तू ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिल्या. भंगारवाला जास्त देत होता, पण तो तिथेच कॉम्प्रेसर फोडायच्या तयारीत होता.

—

ट्यूबलाइट आणि सीएफएलही ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. आत थोडा का होईना पारा असतो.

—

आमच्याकडे सगळं गेलं, सासूबाईंचं आरशाचं कपाट सोडून. ते नव्या खोलीत मावत नाही, दीर म्हणतात देऊ नका, नणंद म्हणते देऊ नका, आणि न्यायला दोघांपैकी एकही तयार नाही. शेवटी दोघांना एकच तारीख कळवली आहे : त्या दिवशी टेम्पो येईल, पत्ता तुम्ही सांगा. नणंदेने काल मापं मागवली.