जुन्या संगणकाला ४के मॉनिटर : आपले अनुभव लिहा

जळगाव, अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी

डोळ्यांना ताण पडू लागल्यामुळे गेल्या वर्षी मी २७ इंची ४के (खूप बारीक ठिपक्यांचा) मॉनिटर घेतला आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-फाइव्ह प्रोसेसरच्या संगणकाला एचडीएमआय (टीव्हीला लावतात त्या) केबलने जोडला. चित्र आले, पण माऊसचा बाण हाताच्या मागे राहू लागला, आणि पान सरकवले की ओळी उड्या मारत वर जात. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रे, दिसत होते. ज्यांच्याकडून संगणक घेतला त्यांनी आधी रॅम वाढवायला सांगितली आणि त्याने काहीच फरक पडला नाही तेव्हा नवा संगणक घ्यायला सांगितले. रॅमचे पैसे गेले याचे मला आजही वाईट वाटते, कारण अडचण फक्त पोर्टची, म्हणजे केबल लावायच्या खाचेची होती. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा जायचे तर २०१३ चे एचडीएमआय २.० लागते. माझ्याच संगणकाच्या पाठीमागे, व्हीजीए या जुन्या मॉनिटर-पोर्टच्या शेजारी, एक कोपरा तिरका कापलेला डिस्प्लेपोर्ट हा मॉनिटरचा दुसरा पोर्ट होता आणि त्यावर पहिल्या दिवसापासूनचे प्लास्टिकचे टोपण तसेच होते. टोपण काढून डिस्प्लेपोर्टची केबल लावली आणि ६० हर्ट्झ मिळाले.

आता ‘कर्तृत्व’ या शब्दातला वरचा रफार आणि खालचा ऋकार दहा पॉइंटातही सुटे दिसतात, आणि मुद्रितशोधनात त्याची केवढी मदत होते ते या कामातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. खान्देशातल्या छापखान्यांत, शाळांत आणि घरांत असे आठ-दहा वर्षांचे संगणक पुष्कळ आहेत. आपला संगणक कोणत्या पिढीचा, कोणत्या पोर्टमधून किती हर्ट्झ मिळाले आणि काम कोणते, एवढे प्रत्येकाने लिहावे अशी विनंती.

भुसावळ, शिक्षिका

माझा लॅपटॉप २०११ चा, दुसऱ्या पिढीचा आहे. त्याच्या एचडीएमआयमधून १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या पुढे जाता येत नाही, त्यामुळे घरच्या ४के टीव्हीवर १९२० बाय १०८० एवढेच चित्र मिळते. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट, म्हणून टीव्ही ते चित्र नीट मोठे करून दाखवतो. मुलांना धडे दाखवण्यासाठी मला तेवढे पुरते आणि त्यासाठी लॅपटॉप बदलावा असे वाटत नाही.

रावेर, ड्रोनच्या छायाचित्रांवरून शेताचे नकाशे

केळीच्या बागेत कुठे झाडे पिवळी पडली आहेत ते फुल एचडी (१९२० बाय १०८०) पडद्यावर शोधताना मला नकाशा सतत लहान-मोठा करावा लागत असे. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके मावतात, फुल एचडीच्या चौपट, त्यामुळे पूर्ण बाग एका नजरेत येते आणि झाडेही ओळखू येतात. माझ्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्ट नव्हता, म्हणून जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरला चित्र पाठवणारे वेगळे कार्ड) बसवले. त्याला एचडीएमआय २.० आहे आणि पॉवर सप्लायमधून वेगळी वायर ओढावी लागत नाही. त्याआधी मी स्वस्तात मिळते म्हणून जीटी ७१० आणले होते. त्यावर ४के दिसते, पण ३० हर्ट्झवरच, त्यामुळे ते परत करावे लागले. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड त्यात घट्ट बसवायची आखूड पट्टी कार्डाबरोबर मिळते का ते आधी पाहावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून मी पंखा असलेलेच कार्ड घेतले.

धुळे, संगणक दुरुस्ती

जळगावच्या दादांनी सांगितलेली चूक माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकांत वरचेवर दिसते, आणि त्यातला बराचसा पैसा चुकीच्या अडॅप्टरवर जातो. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जायचे असेल तर साध्या अडॅप्टरने फार तर ४के ३० हर्ट्झ मिळते. ६० साठी आत स्वतःची चिप असलेला ‘ॲक्टिव्ह’ अडॅप्टर मागावा. उलट दिशेने, म्हणजे संगणकाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये, हा अडॅप्टर चालत नाही. त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि संगणकाच्या एचडीएमआयची मर्यादा त्यानेही ओलांडता येत नाही.

गणित असे आहे (इथले मेगाहर्ट्झ म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग, पडद्याचे हर्ट्झ नव्हेत) : एचडीएमआय १.४ ची वेगमर्यादा ३४० मेगाहर्ट्झ; ४के ३० ला २९७ लागतात, ४के ६० ला ५९४. पण २५६० बाय १४४० चे चित्र ६० हर्ट्झवर २४१.५ मध्ये भागते, म्हणून ज्यांच्याकडे एचडीएमआय १.४ सोडून काही नाही त्यांना मी बहुतेक वेळा १४४० चाच मॉनिटर सुचवतो. ग्राफिक्सचे काही ड्रायव्हर (ते चालवणारी सॉफ्टवेअर) रंगांची माहिती कमी करून याच पोर्टमधून ४के ६० पाठवतात. चित्रपटात ते कळत नाही, पण काळ्यावर लाल अक्षरे असली की कडा फुटलेल्या दिसतात, त्यामुळे अक्षरांच्या कामाला ते घेऊ नये. पोर्ट योग्य असूनही टीव्हीवर ३०च दिसत असेल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टची वाढीव क्षमता चालू करावी लागते. पुष्कळ टीव्हींत ती मुळात बंद असते.

अमळनेर, सेवानिवृत्त

माझ्या चौथ्या पिढीच्या संगणकावर ४के ६० हर्ट्झ व्यवस्थित आहे, वाचनाला फार सुख वाटते, पण ४के व्हिडिओ लावला की तो अडखळतो आणि पंखा गरगरू लागतो. मुलाने समजावले की पडद्यावर चित्र पाठवणे वेगळे आणि व्हिडिओ उलगडणे वेगळे. व्हीपी-नाइन आणि दहा-बिट एचईव्हीसी हे व्हिडिओ आवळून साठवण्याचे प्रकार उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून चिपमध्येच आली. मी व्हिडिओ १०८० वर ठेवतो.

शहादा, विद्यार्थिनी

माझ्याकडे चौथ्या पिढीचा लॅपटॉप आहे, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ आहे आणि मिनी डिस्प्लेपोर्टही आहे. जळगावच्या दादांसारखे मलाही ४के ६० मिळेल का?

धुळे, संगणक दुरुस्ती

ताई, नाही. पिढी तीच असली तरी त्या कमी विजेच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ३२०० बाय २००० आहे. या ‘यू’ वर्गात ४के ६० पाचव्या पिढीपासून मिळते. आपण १४४० चा मॉनिटर घ्यावा. पैसे देण्याआधी लॅपटॉप आणि केबल दुकानात न्यावी, मॉनिटर जोडावा, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा पाहावा आणि ६० दिसल्यावरच बिल करावे.